त्या दिवशी, त्या वेळी: आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला आणि तिथे साक्ष देणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना खुले पत्र

प्रति,
माननीय न्यायाधीश आणि रजिस्ट्रार, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, हेग
तसेच या न्यायालयाच्या तज्ज्ञ-यादीत नाव नोंदवणारे मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ

सादर नमस्कार.

युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात मानसशास्त्रज्ञाला साक्षीला बोलावले जाते, पण त्याने नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे हे अनेकदा आधी ठरलेले नसते. मग तो आपल्याला ठाऊक असलेले सगळे सांगतो. आरोपीचे बालपण, त्याची झोप, त्याची स्वप्ने, त्याच्यावर झालेले अत्याचार, आज कोठडीत त्याची अवस्था काय आहे हे सारे तो मांडतो. शेकडो पानांचा अहवाल तयार होतो. वर्षभराने निकाल येतो तेव्हा न्यायाधीश लिहितात की यातले काहीही आमच्यासमोरच्या प्रश्नाला लागू पडत नाही. युगांडातल्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेचा कमांडर डॉमिनिक ओंग्वेन याच्या खटल्यात बऱ्याच अंशी हेच घडले. 4 फेब्रुवारी 2021 च्या निकालात आपल्या खंडपीठाने तज्ज्ञांच्या कामातले दोष नेमकेपणाने नोंदवले, आणि 15 डिसेंबर 2022 ला अपील खंडपीठाने दोषसिद्धी कायम ठेवली. ती कारणमीमांसा आम्हाला पटते. आमचे म्हणणे एवढेच आहे की हे दोष निकालाच्या दिवशी नव्हे, तज्ज्ञाची नेमणूक होते त्या दिवशी अडवायला हवेत. न्यायालयाच्या विनियम 44 ने तसा अधिकार आपल्याला दिलेलाच आहे. अहवालाचा विषय काय, तज्ज्ञ किती, त्यांना सूचना कोणी द्यायच्या, अहवाल कधीपर्यंत द्यायचा, हे सर्व खंडपीठ आदेशाने ठरवू शकते. दोन्ही पक्षांनी मिळून एकच तज्ज्ञ नेमावा, असेही ते सांगू शकते. हा अधिकार वापरा, आणि आरोपीच्या मनःस्थितीचा मुद्दा जिथे येईल तिथे नेमणुकीबरोबर लेखी प्रश्नपत्र द्या, एवढी आमची मागणी आहे.

पत्र मराठीत लिहिण्याचे कारण सरळ आहे. भारत रोम संविधीचा, म्हणजे हे न्यायालय स्थापणाऱ्या कराराचा, सदस्य नाही, तरी क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा फौजदारी कायदा शिकणारे अनेक मराठी विद्यार्थी या क्षेत्राकडे वळत आहेत. त्यांनी हे वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

प्रश्नपत्रात सर्वात आधी तारीख हवी. मनःस्थितीचा प्रश्न तीन वेगवेगळ्या काळांबद्दल असू शकतो, आणि ते तीन काळ एकमेकांत मिसळले की साक्ष निकामी होते.

पहिला प्रश्न आजचा आहे: हा आरोपी आज खटल्याला तोंड देऊ शकतो का? यासाठी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने 2004 मध्ये आरोपी पावले स्त्रुगारच्या प्रकरणात कसोट्या घालून दिल्या. आरोप समजणे, कबुली वा नकार देता येणे, कामकाज कळणे, पुराव्याचा तपशील समजणे, वकिलाला सूचना देता येणे, परिणामांची जाण असणे, स्वतः साक्ष देता येणे. या सर्व क्षमता आहेत, निदाने नव्हेत. स्मृतिभ्रंश आहे म्हणून माणूस आपोआप अपात्र ठरत नाही, आणि निदान लागले नाही म्हणून पात्रही ठरत नाही. रवांडातील वंशसंहाराचा आरोपी फेलिसियाँ काबुगा 2023 मध्ये तज्ज्ञांच्या तपासणीनंतर अपात्र ठरला आणि खटला बेमुदत थांबला. आपल्याकडे नियम 135 प्रमाणे असा आरोपी अपात्र ठरला तर दर 120 दिवसांनी फेरविचार करावा लागतो. म्हणजे तज्ज्ञाने सुरुवातीलाच अशी मोजमापे घ्यायला हवीत की चार महिन्यांनी तीच पुन्हा घेऊन तुलना करता येईल.

दुसरा प्रश्न गुन्ह्याच्या दिवसाचा. संविधीच्या कलम 31(1)(क) नुसार मानसिक आजाराने आरोपीची कृत्य समजण्याची, ते बेकायदा आहे हे कळण्याची किंवा स्वतःला आवरण्याची क्षमता नष्ट झालेली असावी लागते. क्षमता कमी होणे पुरत नाही. (आपल्या विद्यार्थ्यांसाठी: भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या कलम 84 मध्ये, स्वतःला आवरण्याची ही वेगळी शाखा नाही. तिथे फक्त समजण्याचा प्रश्न आहे. दोन्ही कायद्यांत वेळ मात्र एकच, कृत्य करतानाची.)

तिसरा प्रश्न शिक्षेचा. नियम 145 प्रमाणे क्षमता बरीच घटलेली असेल तर शिक्षा ठरवताना ती विचारात घेता येते. ओंग्वेनला साधारण नऊ वर्षांचा असताना लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीने पळवून नेले होते. त्याचे हिरावलेले बालपण दोषसिद्धीच्या आड आले नाही, पण शिक्षेत मोजले गेले आणि जन्मठेपेऐवजी 25 वर्षांची कैद झाली. आघाताबद्दलच्या साक्षीची खरी जागा बहुतेक वेळा हीच असते. बचाव पक्षाचे वकील ती सुटकेच्या प्रश्नावर खर्ची घालतात, तेव्हा तिचे वजन शिक्षेच्या टप्प्यावर पोचेपर्यंत कमी झालेले असते.

आता ओंग्वेन खटल्याकडे थोडे बारकाईने पाहू. आरोप 1 जुलै 2002 ते 31 डिसेंबर 2005 या काळातले होते. त्यात पाजुले, ओदेक, लुकोदी आणि अबोक या विस्थापितांच्या छावण्यांवरचे हल्ले होते, शिवाय लैंगिक अत्याचार आणि मुलांना सैन्यात ओढणे हेही होते. बचाव पक्षाच्या दोन युगांडन मनोविकारतज्ज्ञांनी, डिकन्स अकेना आणि एमिलिओ ओवुगा यांनी, आरोपीला कोठडीत तपासून अहवाल दिले. त्यांनी तीव्र नैराश्य, आघातोत्तर ताण विकार म्हणजे पीटीएसडी, आणि डिसोसिएशन (जाणीव किंवा व्यक्तिमत्त्व दुभंगणे) अशी निदाने मांडली. अभियोग पक्षाच्या तीन तज्ज्ञांनी, गिलियन मेझी, कॅथरीन अब्बो आणि जर्मन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट रोलंड वायरश्टाल-पुस्ट यांनी, आरोपीची प्रत्यक्ष मुलाखत घेतलेली नव्हती. तरीही खंडपीठाने या तिघांचे म्हणणे अधिक विश्वासार्ह मानले. बाहेरून पाहणाऱ्याला हे उलटे वाटते. ज्याने तपासले त्याचे नाकारायचे आणि ज्याने पाहिलेही नाही त्याचे स्वीकारायचे?

कारण पद्धतीत होते. खंडपीठाने नोंदवले की उपचार करणाऱ्या डॉक्टरची भूमिका आणि न्यायसहायक तज्ज्ञाची भूमिका बचाव पक्षाच्या तज्ज्ञांच्या कामात मिसळून गेली. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण साक्षीचा सगळा डोलारा इथेच कोसळतो. उपचार करणाऱ्याने रुग्णावर विश्वास ठेवूनच सुरुवात करायची असते. रुग्ण म्हणाला, मला रात्री आवाज ऐकू येतात, तर डॉक्टर त्याच्याशी वाद घालत नाही. तो आत्महत्येचा धोका पाहतो, औषध ठरवतो, नाते टिकवतो. न्यायसहायक तज्ज्ञाला याच वाक्यावर प्रश्न करावे लागतात: कधीपासून, कोणत्या वेळी, कोणाला सांगितले, तेव्हा तुम्ही काय करत होता, कोठडीच्या नोंदींत याचा उल्लेख का नाही? एकाच माणसाने दोन्ही कामे केली तर एकतर उपचार बिघडतो किंवा पुरावा. बहुधा दोन्ही. शिवाय जे रुग्ण म्हणून सांगितले ते न्यायालयात उघड होणार आहे, हे आरोपीला पहिल्याच बैठकीत स्पष्ट कळलेले असायला हवे. म्हणून प्रश्नपत्रात लिहा की ज्याने आरोपीवर एकदाही उपचार केले असतील त्याला मनःस्थितीचा तज्ज्ञ म्हणून नेमले जाणार नाही, आणि तज्ज्ञाला तपासणीत आत्महत्येचा धोका दिसला तर त्याने तो त्याच दिवशी कोठडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावा, स्वतः उपचार सुरू करू नयेत.

दुसरा दोष होता बाहेरच्या पुराव्याकडे न पाहण्याचा. या खटल्यात तसा पुरावा भरपूर होता. ओंग्वेनबरोबर झाडीत वर्षानुवर्षे राहिलेले लढवय्ये आणि त्याच्याकडे ‘बायको’ म्हणून दिल्या गेलेल्या स्त्रिया साक्षीला आल्या होत्या. बंडखोरांचे रेडिओ-संभाषण युगांडाच्या यंत्रणांनी वर्षानुवर्षे ऐकून लिहून ठेवले होते. हल्ल्याची आखणी करणे, माणसे निवडणे, हल्ल्यानंतर रेडिओवर वरिष्ठांना अहवाल देणे, अशी वागणूक या पुराव्यातून दिसत होती. दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे निदान मांडणाऱ्या तज्ज्ञाने या प्रत्येक कृतीसमोर उभे राहून सांगायला हवे की इथे क्षमता नष्ट झाली होती असे मी का म्हणतो. ती नष्ट झालेली असेल, तर वर्षभर जवळ राहिलेल्या माणसाच्या नजरेला काहीतरी पडलेच असते. अभियोग पक्षाचे तज्ज्ञ नेमके हेच साहित्य वाचून आले होते. म्हणून आरोपीला न भेटताही त्यांचे उत्तर प्रश्नाला धरून राहिले. तरीही मुलाखतीशिवाय केलेल्या मूल्यमापनाची मर्यादा अहवालाच्या पहिल्या पानावरच असावी, तळटीपेत नको.

या खटल्यात न्यायालयाने स्वतः नेमलेल्या योप द योंग यांचा 2017 चा अहवालही होता. तो कोठडीतल्या आरोपीच्या त्या वेळच्या प्रकृतीबद्दल होता, आणि गुन्ह्याच्या काळासाठी खंडपीठाने त्याचा आधार घेतला नाही. त्याच तपासणीच्या वेळी गुन्ह्याच्या काळाचे प्रश्न वेगळ्या भागात विचारायला सांगितले असते, तर पक्षांच्या तज्ज्ञांच्या झगड्यात न्यायालयाच्या हाती एक तटस्थ मत राहिले असते.

आता साधनांबद्दल, कारण उलटतपासणीत वकील इथेच पकडतात आणि योग्यच करतात. पीसीएल-5 ही पीटीएसडीची 20 प्रश्नांची यादी आहे. प्रत्येक लक्षणाला 0 ते 4 गुण, एकूण 80. ती रुग्ण स्वतः भरतो आणि ती गेल्या महिन्याबद्दल असते. उपचाराची प्रगती पाहायला ती चांगली, फौजदारी न्यायालयात एकटी उभी करायला अपुरी. कॅप्स-5 ही प्रशिक्षित माणसाने घ्यायची 30 प्रश्नांची मुलाखत तिच्यापेक्षा भक्कम आहे. तिची गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची आणि आयुष्यातल्या सर्वात वाईट महिन्याची अशी रूपे आहेत. पण तीसुद्धा 29 एप्रिल 2004 ला ओदेकमध्ये आरोपीला स्वतःला आवरता येत होते का, हे सांगू शकत नाही. असे सांगणारी कोणतीच चाचणी नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मनःस्थितीबद्दलचे मत तेव्हाच्या वागणुकीच्या पुराव्यावर, त्या काळाच्या नोंदींवर आणि आजाराच्या सर्वसाधारण वाटचालीवर उभे करावे लागते, आणि त्याची भाषाही तेवढीच सावध असावी लागते. छळाच्या वैद्यकीय तपासणीसाठी इस्तंबूल नियमावलीत ‘विसंगत’, ‘सुसंगत’, ‘बरेच सुसंगत’ अशा चढत्या पायऱ्या वापरतात. मनःस्थितीच्या अहवालातही अशा ठरलेल्या पायऱ्या असाव्यात. नाहीतर ‘शक्य आहे’ या एका शब्दातून बचाव पक्ष एक अर्थ काढतो आणि अभियोग पक्ष दुसरा.

आजाराचे सोंग तपासणे हा अपमान नाही, ते कामच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात आरोपी रुडॉल्फ हेसची स्मृती गेली असे दिसत होते. नोव्हेंबर 1945 मध्ये चार देशांच्या डॉक्टरांनी त्याला तपासले, आणि त्यांच्यातही स्मृतिलोप खरा की बनावट यावर मते एकसारखी नव्हती. 30 नोव्हेंबरला हेसने भर न्यायालयात उठून सांगितले की आपली स्मृती आता पुन्हा साथ देईल आणि आपण ती हरवल्याचे दाखवत होतो. त्याआधी थोडाच वेळ तुरुंगातले मानसशास्त्रज्ञ गुस्ताव्ह गिल्बर्ट यांनी त्याला सुचवले होते की तो अपात्र ठरून खटल्याबाहेर पडू शकतो. हेसबद्दल पुढेही वाद चालू राहिले, आणि तेच शिकण्यासारखे आहे: सोंग आणि खरा आजार एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. म्हणून एका चाचणीवर निकाल लावू नये. सक्तीच्या निवडीच्या स्मृतिचाचण्यांचे तत्त्व सोपे आहे. 50 चित्रे दाखवायची, मग प्रत्येकाबरोबर एक नवे चित्र ठेवून विचारायचे की आधी कोणते पाहिले. डोळे मिटून बोट ठेवले तरी साधारण 25 बरोबर येतात. त्याहून फारच कमी आले, तर बरोबर उत्तर माहीत असूनही टाळले असण्याची दाट शक्यता. पण अशा चाचण्यांचे प्रमाणांक, म्हणजे तुलनेसाठीचे अपेक्षित गुण, शाळा शिकलेल्या, कागदावरची चित्रे ओळखायची सवय असलेल्या लोकांवरून काढलेले असतात. बालपणीच जंगलात नेलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लावले, तर खरा आजारी सोंगाडा ठरेल. तज्ज्ञाने सांगावे: ही चाचणी वापरली, हे प्रमाणांक या लोकांचे आहेत, म्हणून या गुणांना मी एवढेच वजन देतो. हे वाक्य नसलेला अहवाल परत पाठवा.

भाषेचा प्रश्न यालाच जोडून येतो. उत्तर युगांडातल्या अचोली भाषेतली मुलाखत इंग्रजीत आणि मग फ्रेंचमध्ये जाते, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर काहीतरी सुटते. दुभाष्याने सारांश सांगू नये. आरोपी ‘मी’ म्हणाला तर त्यानेही ‘मी’ म्हणावे, अडखळणे आणि अर्धवट वाक्येही तशीच सांगावीत. प्रश्नावली आधी अनुवादित करून दुसऱ्या माणसाकडून उलट, म्हणजे परत मूळ भाषेत, अनुवाद करून घ्यावी, मग त्या भाषेच्या काही लोकांवर चाचपून पाहावी. बैठक दोन तासांच्या आत असावी, मध्ये विश्रांती असावी, आणि संपूर्ण मुलाखतीचे चित्रीकरण व्हावे. चित्रीकरण असेल तर दुसऱ्या बाजूच्या भाषातज्ज्ञाला अनुवाद तपासता येतो. नसेल तर तज्ज्ञाच्या टिपणवहीवरच विसंबावे लागते. उत्तर युगांडात मारलेल्या माणसांचे आत्मे छळतात अशी श्रद्धा आहे. त्या आत्म्यांबद्दल बोलणारा आरोपी भ्रमात आहे की आपल्या समाजात सगळेच बोलतात ते बोलतो आहे, हे परक्या तज्ज्ञाला एकट्याने ठरवता येत नाही. कंबोडियाच्या विशेष न्यायालयाने ख्मेर रूज राजवटीच्या एस-21 तुरुंगाचा प्रमुख दुच याच्यासाठी योग्य पायंडा पाडला होता. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ फ्राँस्वाझ सिरोनी-गिल्बो आणि कंबोडियन मनोविकारतज्ज्ञ का सुनबौनात यांनी त्याला 2008 मध्ये मिळून तपासले, एकच अहवाल दिला आणि 2009 मध्ये एकत्र साक्ष दिली. त्यांना दुचमध्ये मानसिक आजार आढळला नाही. जोडीने काम केले म्हणजे चूक होत नाही असे नाही, पण ‘परक्याला आमचे कळले नाही’ आणि ‘घरच्याने पाठीशी घातले’ हे दोन्ही आक्षेप बऱ्याच अंशी गळून पडतात.

आरोपींसाठी आपण जी शिस्त लावाल ती पीडितांच्या बाबतीत अधिक काटेकोरपणे पाळा. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात अँतो फुरुंजियाच्या खटल्यात बलात्कार सोसलेल्या ‘साक्षीदार अ’ने समुपदेशन घेतले होते. त्याची कागदपत्रे बचाव पक्षाला सुनावणी संपल्यावर मिळाली आणि 1998 मध्ये सुनावणी पुन्हा उघडावी लागली. मग दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी पीटीएसडीचा स्मृतीवर काय परिणाम होतो यावर साक्षी दिल्या. 10 डिसेंबर 1998 च्या निकालात न्यायाधिकरणाने स्वच्छ सांगितले की पीटीएसडी असलेली व्यक्ती पूर्ण विश्वासार्ह साक्षीदार असू शकते. हे तत्त्व आज प्रस्थापित आहे, पण दरवेळी ते नव्याने सिद्ध करण्याचा भार एखाद्या स्त्रीवर का पडावा? समुपदेशकाच्या नोंदी मागण्याचा अर्ज आला की त्या नेमक्या कोणत्या प्रश्नासाठी हव्यात हे लेखी मागा, आणि आधी त्या खंडपीठाने स्वतः पाहाव्यात.

आणि एक प्रश्न प्रश्नपत्रात कधीच नसावा: हा कसा माणूस आहे? गिल्बर्ट न्यूरेंबर्गच्या तुरुंगात आरोपींशी रोज बोलत, त्यांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेत, आणि ऐकलेले तुरुंगाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचवत. शाख्तचा बुद्ध्यंक 143, गोअरिंगचा 138, श्ट्रायखरचा 106 असे आकडे त्यांनी नोंदवले. 29 मे 1961 ला ते जेरुसलेमला नाझी अधिकारी आइशमनच्या खटल्यात साक्षीला आले. त्यांच्या साक्षीत न्यायालयाच्या उपयोगाचे होते ते त्यांनी ऑशविट्झचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस आणि इतरांकडून ऐकलेले आणि लिहून घेतलेले. नाझींचे मन कसे असते हा त्यांचा सिद्धांत मात्र विज्ञानाच्या कसोटीवरही टिकला नाही. न्यूरेंबर्गच्या आरोपींच्या रोर्शाक चाचण्या (शाईच्या डागांत काय दिसते ते विचारणाऱ्या) 1970 च्या दशकात मॉली हॅरोअर यांनी नावे झाकून तज्ज्ञांसमोर ठेवल्या, तेव्हा त्यांना त्या इतरांच्या चाचण्यांतून वेगळ्या काढता आल्या नाहीत. परिस्थिती माणसाला घडवते, ही दुसऱ्या टोकाची मांडणीही न्यायालयात तेवढीच तोकडी पडते. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाच्या प्रकरणात 2004 मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी अमेरिकी सार्जंट इव्हान फ्रेडरिकच्या बाजूने तुरुंगातल्या परिस्थितीबद्दल साक्ष दिली. फ्रेडरिकला आठ वर्षांची शिक्षा झाली. तशी परिस्थिती उभी करणाऱ्या वरिष्ठांना जबाबदार धरायला अशी साक्ष उपयोगी पडू शकते. तिथे ती जरूर मागवा.

शेवटची मागणी कच्च्या माहितीची. अहवालाबरोबर चाचण्यांच्या मूळ उत्तरपत्रिका, गुणांकनाचे कागद, मुलाखतीचे चित्रीकरण आणि वाचलेल्या कागदपत्रांची यादी साक्षीच्या किमान सहा आठवडे आधी दुसऱ्या बाजूच्या मानसशास्त्रज्ञाकडे पोचावी. चाचणीचे साहित्य बाहेर फुटू नये म्हणून ते वकिलांकडे नव्हे, तज्ज्ञाकडे द्यावे आणि त्याच्याकडून गोपनीयतेची लेखी हमी घ्यावी. मग दोन्ही तज्ज्ञांची एक बैठक घ्या आणि कुठे एकमत आहे, कुठे मतभेद आहे आणि मतभेद माहितीचा आहे की अर्थ लावण्याचा, याचे दोन-तीन पानी संयुक्त निवेदन सहीनिशी मागा. त्यानंतरच सरतपासणी सुरू करा, आणि ती त्या मतभेदांपुरतीच ठेवा.

आपले,
न्यायसहायक मानसशास्त्र आणि फौजदारी कायदा या क्षेत्रांतले काही मराठी अभ्यासक